उद्योगपुंज कसा घडतो? : संगणक-व्यवसाय आणि रायपूर शहर

रायपूर शहराच्या जुन्या भागात बूढा तलावाच्या काठी बूढापारा नावाची वस्ती आहे. स्वामी विवेकानंद बालपणी, १८७७ ते १८७९ या काळात, आपल्या कुटुंबासह याच परिसरात राहिले होते. म्हणून या तलावास आता विवेकानंद सरोवर असेही म्हणतात. येथून थोड्या अंतरावर सदर बाजार लागतो. तेथे सराफांची दुकाने एकमेकांना लागून उभी आहेत. वरवर पाहता ही गोष्ट विचित्र वाटते. एकाच मालाचे दुकानदार एकमेकांच्या शेजारी बसले तर त्यांचे गिऱ्हाईक वाटले जाणार; मग प्रत्येकाने निराळ्या वस्तीत दुकान का थाटू नये?

याचे उत्तर कोणताही अनुभवी सराफ देऊ शकेल. जेथे दहा दुकाने पाहता येतात तेथेच लग्नाचे दागिने घेणारे कुटुंब येते. घडणावळ करणारा, जडावाचे काम करणारा, झिलई देणारा, सोन्याचा कस पाहणारा असे निरनिराळे कारागीर हाकेच्या अंतरावर असतात. नव्या नमुन्याची वार्ता एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर दिवस मावळण्यापूर्वी पोहोचते. तात्पर्य, शेजारी हा प्रतिस्पर्धी असला तरी तो उपकारकही असतो.

आता संगणक-व्यवसायाचा विचार करू. या व्यवसायाला कच्चा माल लागत नाही; त्याचा पक्का माल तारेतून अथवा आकाशमार्गे क्षणार्धात जगाच्या दुसऱ्या टोकास जातो. असा व्यवसाय वास्तविक कोठेही, अगदी एखाद्या खेड्यातही, चालावयास हवा. परंतु प्रत्यक्षात जगातील हा व्यवसाय मोजक्याच शहरांत दाटीवाटीने एकवटलेला दिसतो. ज्या मालाला वजन नाही तोच एका जागी असा का साठावा? आणि ज्या शहरात तो अद्याप साठलेला नाही, त्याने काय करावे? या दोन प्रश्नांचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

१. उद्योगपुंज म्हणजे काय?

एकाच प्रदेशात, एकाच किंवा परस्परांशी संबंधित व्यवसायांत काम करणाऱ्या अनेक संस्था, त्यांना माल व सेवा पुरविणारे लहान व्यावसायिक, त्यांना माणसे तयार करून देणारी विद्यालये आणि त्यांच्या मालाचे जाणते गिऱ्हाईक, हे सर्व एकत्र आले म्हणजे त्यास उद्योगपुंज असे म्हणता येते. व्यवहारात यालाच क्लस्टर म्हणतात. इचलकरंजीचे यंत्रमाग, येवल्याची पैठणी, कोल्हापूरच्या चपला ही महाराष्ट्रातील परिचित उदाहरणे होत.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. मोठी इमारत बांधून तिच्यात वीस कंपन्यांची कार्यालये बसविली म्हणजे उद्योगपुंज झाला, असे नाही. ते केवळ इमारतींचे संकुल होय. त्या वीस कंपन्यांतील माणसे एकमेकांस ओळखू लागली, एकीचे काम दुसरीस उपयोगी पडू लागले, आणि एका कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसाने त्याच गावात एकविसावी कंपनी काढली, म्हणजे पुंज जन्मास आला असे समजावे.

२. तीन कारणे

इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात या प्रश्नाची मीमांसा केली आहे. शेफील्ड येथील चाकू-सुऱ्यांच्या कारखान्यांसारखी उदाहरणे त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याने सांगितलेली कारणे मुख्यतः तीन आहेत : कुशल माणसांचा सामाईक साठा, पूरक धंद्यांची वाढ, आणि ज्ञानाची सहज देवघेव.

यांपैकी पहिले कारण आकड्यांनी समजून घेणे सोपे आहे. समजा, एका कंपनीला सरासरी २० कुशल माणसे लागतात. परंतु काम कमीजास्त होत असल्यामुळे ही गरज साधारणपणे ६ माणसांनी वर किंवा खाली जाते. म्हणजे चढउताराचे प्रमाण शेकडा ३० झाले. आता अशा ९ कंपन्या एका शहरात आहेत असे धरू. त्यांची एकूण सरासरी गरज १८० माणसांची होईल. परंतु सर्वांचे काम एकाच वेळी वाढत किंवा घटत नसल्यामुळे एकूण चढउतार ९ पट होत नाही. संख्याशास्त्राच्या नियमानुसार तो ९ च्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे ३ पट वाढतो. तो झाला १८ माणसांचा. १८० मध्ये १८ म्हणजे शेकडा केवळ १०.

या साध्या हिशेबाचा अर्थ मोठा आहे. ज्या शहरात एकच कंपनी आहे, तेथे काम घटले की तरुण अभियंत्यास गाव सोडावे लागते. जेथे नऊ आहेत, तेथे त्याला बहुधा रस्ता ओलांडून पलीकडच्या कार्यालयात जावे लागते. कंपनीच्या बाजूने पाहिले तरी हेच खरे. नऊ कंपन्यांच्या गावात तिला हवा तो माणूस आठवड्यात मिळतो. एका कंपनीच्या गावात तो बाहेरून आणावा लागतो, आणि तो येईलच असा भरवसा नसतो. यास्तव माणसे कंपन्यांच्या मागे जातात व कंपन्या माणसांच्या मागे जातात.

या हिशेबात एक अट मात्र गृहीत आहे : नऊ कंपन्यांची कामे परस्परांहून स्वतंत्र असली पाहिजेत. त्या सर्व एकाच परदेशी गिऱ्हाइकावर किंवा एकाच सरकारी खात्यावर अवलंबून असतील तर सर्वांचे काम एकदमच घटेल, आणि चढउतार शेकडा ३० चा ३० च राहील. म्हणून पुंजाचे बळ केवळ कंपन्यांच्या संख्येत नसते. ते त्यांच्या गिऱ्हाइकांच्या विविधतेत असते.

३. पुण्याचा इतिहास

मराठी भाषकांना सर्वांत जवळचे उदाहरण पुण्याचे. या शहरात १८५४ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण चालत आले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये तेथे सुरू झाली. इंजिने, वाहने व यंत्रे यांचे कारखाने शहराच्या आसपास उभे राहिले. १९८१ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पुण्यात टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र स्थापन केले. १९८८ मध्ये केंद्र सरकारने प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, येथे सुरू केले, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक पुरा केला. १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टीम्स आणि केपीआयटी या दोन कंपन्या पुण्यात निघाल्या. यांपैकी दुसरीने पुढे मोटारगाड्यांतील सॉफ्टवेअर हा आपला मुख्य विषय केला, ही गोष्ट सूचक आहे. कारण गाड्या बनविणारे कारखाने तिच्या दाराशीच होते.

याच सुमारास, १९९० मध्ये, केंद्र सरकारने सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांची योजना आखली. पुणे, बेंगळुरू व भुवनेश्वर ही पहिली तीन ठिकाणे होत. या योजनेने उपग्रहामार्फत दूरसंचाराची जोडणी आणि करांतील सवलत या दोन गोष्टी दिल्या. लहान कंपनीला स्वतःच्या खर्चाने जी जोडणी मिळणे अशक्य होते, ती आता सामाईक झाली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान वसविण्यास आरंभ केला.

या क्रमाकडे बारकाईने पाहिले तर असे दिसते की, उद्यान शेवटी आले. विद्यालये, कारखाने, संशोधन-संस्था आणि पहिल्या कंपन्या हे सर्व त्यापूर्वी होते. तंत्रज्ञान उद्यानांच्या योजनेतील आयकराची सवलत २०११ मध्ये संपली. काही कंपन्यांनी विशेष आर्थिक क्षेत्रांचा आश्रय घेतला, हे खरे. परंतु पुण्याचा व्यवसाय पुणे सोडून गेला नाही. सवलत बीजास पाणी घालते. झाड उभे राहते ते जमिनीतील मुळांवर.

पुण्याच्या इतिहासात दोन इशारेही आहेत. पहिला असा की, इन्फोसिस ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यातच स्थापन झाली होती. परंतु १९८३ मध्ये ती बेंगळुरूस गेली. बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था होती, विमाने व विद्युत्-उपकरणे बनविणारे सार्वजनिक कारखाने होते, आणि कंपनीला काम देणारे गिऱ्हाईकही होते. लहानशी कंपनी गाव सोडते तेव्हा फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तिच्याबरोबर काय गेले हे पुष्कळ वर्षांनी कळते. दुसरा इशारा हिंजवडीचा. हे उद्यान शहराबाहेर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत उभे राहिले. कार्यालये भराभर वाढली. रस्ते आणि सार्वजनिक वाहने त्या वेगाने वाढली नाहीत. त्याचा परिणाम म्हणजे तेथील वाहतुकीची कोंडी होय.

४. ज्ञान कसे पसरते?

मार्शलने सांगितलेले तिसरे कारण, म्हणजे ज्ञानाची देवघेव, हे सर्वांत सूक्ष्म आहे. पुस्तकातील ज्ञान कोठेही नेता येते. परंतु एखादी आज्ञावली ऐन वेळी का बंद पडते, कोणते गिऱ्हाईक पैसे वेळेवर देते, कोणते तंत्र पुढील दोन वर्षांत मागे पडणार आहे, हे ज्ञान माणसांच्या संगतीतून मिळते.

अमेरिकेतील दोन प्रदेशांच्या तुलनेवरून हे स्पष्ट होते. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९५१ मध्ये आपल्या जमिनीवर औद्योगिक वसाहत वसविली. १९५७ मध्ये शॉकली यांच्या प्रयोगशाळेतून आठ तंत्रज्ञ बाहेर पडले व त्यांनी फेअरचाइल्ड ही कंपनी काढली. फेअरचाइल्डमधून पुढे अनेक कंपन्या निघाल्या, त्यांतील एक म्हणजे १९६८ मध्ये स्थापन झालेली इंटेल. माणसाने जुनी नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये असा करार त्या राज्याच्या कायद्यात सामान्यतः अग्राह्य मानला जातो. त्यामुळे ज्ञान एका कंपनीतून दुसरीत वाहत राहिले. याच काळात पूर्व किनाऱ्यावर बॉस्टनजवळील रूट १२८ या रस्त्याच्या आसपासही संगणकांचा मोठा उद्योग होता. तेथील कंपन्या प्रचंड होत्या, परंतु आपापल्या भिंतींच्या आत राहणाऱ्या होत्या. लहान संगणकांचे युग आले तेव्हा त्यांना वळण घेणे जमले नाही. वँग ही कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली व डिजिटल ही कंपनी १९९८ मध्ये विकली गेली. अ‍ॅनाली सॅक्सेनियन या विदुषीने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दोन प्रदेशांच्या भिन्न गतीचे कारण मुख्यतः त्यांच्या भिन्न रीतिभातींत शोधले आहे.

५. रायपूरपाशी काय आहे?

आता रायपूरकडे वळू. १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात होता, आणि १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रांताची राजधानी होती. या जुन्या संबंधामुळे येथे मराठी कुटुंबेही पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि रायपूर राजधानी झाली.

उद्योगपुंज ही कल्पना या प्रदेशास नवी नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. त्यानंतर काळाच्या ओघात रायपूरजवळच्या उरला व सिलतरा या भागांत लोखंडाचे तुकडे वितळविणाऱ्या भट्ट्या, सळया लाटणाऱ्या गिरण्या व स्पंज लोहाचे कारखाने मोठ्या संख्येने उभे राहिले. कोळसा, खनिज व वीज जवळ होतीच. भट्टी सांभाळणारे कारागीरही येथेच तयार झाले.

शिक्षणाची बाजूही रिकामी नाही. १९५६ मध्ये येथे खनन व धातुशास्त्राचे शासकीय महाविद्यालय निघाले. तेच २००५ मध्ये राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था झाले. नवा रायपूर येथे राज्य शासन व एनटीपीसी यांच्या सहकार्याने निघालेल्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत २०१५ पासून अध्यापन सुरू झाले. राज्य स्थापन झाल्यावर लवकरच संगणक-व्यवसायाच्या प्रसारासाठी चिप्स ही संस्था शासनाने निर्माण केली, आणि पुढे नवोदित उद्योजकांसाठी ३६ इंक नावाचे केंद्रही उघडले.

परंतु या सर्वांहून बोधप्रद गोष्ट निराळीच आहे. ती भाताच्या पोत्यांशी निगडित आहे. छत्तीसगडात शासन शेतकऱ्यांकडून सहकारी सोसायट्यांमार्फत धान खरेदी करते. २००७ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या येथील तंत्रज्ञांनी दीड हजारांहून अधिक खरेदी-केंद्रांचे काम संगणकावर आणले. ज्या गावात दूरसंचाराची सोय नव्हती तेथील माहिती मोटारसायकलस्वारांकरवी आणली जाई. शेतकऱ्याला धानाची किंमत संगणकाने छापलेल्या धनादेशाच्या रूपाने विनाविलंब मिळू लागली. पुढे तांदळाची गाडी रास्त धान्य दुकानाकडे निघाली की नोंदणी केलेल्या नागरिकास मोबाइलवर संदेश जाऊ लागला. २०१२ मध्ये रायपूर शहरात आणखी एक योजना आली : शिधापत्रिकाधारकाने आपल्या पसंतीच्या कोणत्याही दुकानातून धान्य घ्यावे. दुकानदार बदलता येऊ लागल्यामुळे गिऱ्हाइकाच्या शब्दास वजन आले. देशभर शिधापत्रिका चालण्याची योजना २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्या किती तरी आधी रायपूरने या मार्गावर पाऊल टाकले होते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. इतके नमुनेदार काम ज्या शहरात झाले, तेथून ते काम इतर राज्यांना विकणाऱ्या दहा-वीस कंपन्या का निघाल्या नाहीत? या कामाचे स्वरूपच त्याचे कारण आहे. ते शासनाच्या पोटात, शासनाच्या तंत्रज्ञांनी केले होते. कौशल्य निर्माण झाले. परंतु ते घेऊन बाहेर पडण्याची वाट तयार झाली नाही. पुंजाच्या दृष्टीने ही उणीव पैशाच्या उणिवेहून मोठी आहे.

६. नवे शहर आणि जुने शहर

जुन्या रायपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर नवा रायपूर हे आखीव शहर वसविण्यात आले. मंत्रालय २०१२ मध्ये तेथे गेले. २०२५ मध्ये तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठ्या विदाकेंद्राचे भूमिपूजन झाले. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत. तथापि त्यांचे मोल नेमके ओळखावयास हवे. विदाकेंद्र म्हणजे माहिती साठविणाऱ्या व गणित करणाऱ्या यंत्रांची वखार. तिला वीज व पाणी पुष्कळ लागते, आणि छत्तीसगडात विजेचे उत्पादन मोठे आहे. परंतु वखार बांधून झाली की तिला माणसे थोडी लागतात. गावात वखार आली म्हणून व्यापारी जन्मास येत नाहीत. व्यापाऱ्यांनी तिचा उपयोग करावा लागतो.

नव्या जागी पुंज उभा राहूच शकत नाही, असे मात्र नव्हे. फ्रान्समध्ये पिएर लाफित यांनी १९६९ मध्ये समुद्रकाठच्या एका माळरानावर सोफिया अँतिपोलिस ही विज्ञाननगरी सुरू केली. आरंभी तेथे मोठ्या कंपन्यांच्या शाखा होत्या. स्थानिक नवउद्योग पुष्कळ उशिरा निघाले. तैवानमध्ये सिंचू येथील विज्ञान-उद्यान १९८० मध्ये उघडले. ते दोन विद्यापीठांच्या व एका संशोधन-संस्थेच्या शेजारी वसविले होते. अमेरिकेत दीर्घकाळ नोकरी केलेले मॉरिस चँग १९८५ मध्ये त्या संशोधन-संस्थेचे प्रमुख झाले व १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी ही कंपनी स्थापन केली. जो बाहेर गेला तो कायमचा गेला असे नसते. परत येण्याजोगे काम गावात असले तर तो अनुभवाची शिदोरी घेऊन परततो.

बूढापाऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांतील पुष्कळ मुले-मुली अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन पुणे, बेंगळुरू व हैदराबाद येथे जातात. हे एका परीने नुकसान आहे. दुसऱ्या परीने ती बाहेर ठेवलेली ठेव आहे. ती ठेव परत आणण्याचे सामर्थ्य रिकाम्या इमारतीत नसते, कामात असते.

७. उपाययोजनेची दिशा

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, गिऱ्हाईक दाराशी शोधावे. पुण्याला मोटारींचा जो उपयोग झाला तो रायपूरला पोलादाचा, तांदूळ-गिरण्यांचा व खाणींचा होऊ शकेल. भट्टीतील विजेचा खप मोजणे, वजनकाट्यावरील नोंदी ठेवणे, यंत्र बिघडण्यापूर्वी सूचना देणे, ही कामे दूरच्या शहरात बसून नीट समजत नाहीत; ती सिलतऱ्याच्या धुरात उभे राहून समजतात.

दुसरी, सरकारी कामाचे लहान भाग पाडावेत. मोठ्या उलाढालीची अट घातली तर नवजात संस्था उंबरठ्यावरच थांबते.

तिसरी, जुन्या शहरात लहान जागा द्याव्यात आणि नव्या शहराकडे सकाळ-संध्याकाळ भरवशाची वाहने असावीत. दोन-चार माणसांची संस्था प्रथम घराजवळच निघते.

चौथी, अध्यापक व कारखाने यांची गाठ घालून द्यावी. विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षी करावयाचा प्रकल्प जवळच्या गिरणीतील खऱ्या अडचणीवर असावा.

पाचवी, धीर धरावा. टाटा संशोधन केंद्राच्या स्थापनेपासून हिंजवडी भरभराटीस येईपर्यंत वीस वर्षे सहज लोटली. एका निवडणुकीच्या मुदतीत पुंज उभा राहत नाही.

उद्योगपुंज बांधता येत नाही. त्यास अनुकूल परिस्थिती मात्र निर्माण करता येते. जमीन, वीज व इमारत या गोष्टी शासन देऊ शकते. विश्वास, ओळखी, आणि अपयश आले तरी गावातच पुन्हा प्रयत्न करण्याची हिंमत, या गोष्टी समाजाने द्यावयाच्या असतात. रायपूरपाशी पहिल्या प्रकारचे भांडवल पुष्कळ आहे. दुसऱ्या प्रकारचे किती जमते, यावर येथील पुढच्या पिढीला काम घरी मिळेल की परगावी, हे ठरावयाचे आहे.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या गावात एकाच व्यवसायाची दुकाने वा कारखाने कोठे एकवटली आहेत? त्यांना कोणते पूरक धंदे मदत करतात?

२. १६ कंपन्यांपैकी प्रत्येकीस सरासरी २० माणसे लागतात व प्रत्येकीचा चढउतार ६ माणसांचा आहे. सर्वांची कामे स्वतंत्र असल्यास एकूण चढउताराचे शेकडा प्रमाण किती येईल?

३. धान-खरेदीच्या संगणकीकरणातून स्थानिक कंपन्या निघाव्यात यासाठी २००७ मध्ये काय करता आले असते?